तपकिरी आला तर नशीब

पर्यावरणशास्त्राचा रंग हिरवा, हे आपल्याला बालवाडीतच शिकवून टाकतात. हिरवी पृथ्वी, तिला खालून धरलेले दोन तळहात, कोपऱ्यात एक फुलपाखरू आणि खाली 'झाडे लावा, झाडे जगवा'. हेच चित्र काढून आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्यांनी उत्तेजनार्थ बक्षिसं मिळवली आहेत. त्यामुळे सांगलीच्या माझ्या भाचीनं बारावीनंतर पर्यावरणशास्त्रात बीएस्सी करायचं ठरवलं, तेव्हा पोरीला आता हेच चित्र जरा मोठ्या कागदावर काढायचंय, असा सगळ्यांचा समज झाला.

शिक्षणासाठी ती पुण्यात आमच्याकडे राहायला आली. तेव्हापासून मी हा विषय अगदी जवळून, म्हणजे फ्रिजच्या अंतरावरून, पाहतो आहे. आणि जबाबदारीनं सांगतो, हा विषय हिरवा नाही. तपकिरी आहे. तोही तपकिरी आला तर नशीब, कारण आमच्या नदीत तो पांढरा यायची भीती असते. उलगडा पुढे होईल.

प्रवेशाआधी नातेवाइकांची रीतसर बैठक झाली. भाऊजींचं म्हणणं, निदान कॉम्प्युटर तरी घ्यावं. माझ्या आत्यानं विचारलं, "म्हणजे ही साप पकडणार का?" एका चुलत्यांना पाऊस नक्की कधी येणार ते घरबसल्या कळेल, अशी आशा वाटली. सोसायटीत तर बातमी फुटल्यावर आठवडाभरात आमच्या दाराशी कुंड्या यायला लागल्या. कुणाच्या तुळशीला मावा, कुणाच्या मोगऱ्याला कळी नाही. आमच्या हिच्या कढीपत्त्यालाही त्याच सुमारास उतरती कळा लागली होती.

"काकू, मी झाडांची डॉक्टर नाही हो," भाची म्हणायची.

"मग शिकतेस काय तू?"

"सध्या सांडपाणी."

यावर काकू कुंडी उचलून घाईनं निघून जायच्या.

ती या विषयाकडे का वळली, याबद्दल माझा एक तर्क आहे. सांगलीच्या माणसाला नदी फुटांत कळते. पावसाळ्यात तिथं माणसं एकमेकांना 'काय म्हणताय' असं विचारत नाहीत, 'किती फूट' असं विचारतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे तिथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ही शाळेत होती. सगळं घर वरच्या मजल्यावर देवाचा धावा करत होतं आणि ही जिन्यात बसून पाणी तासाला किती पायऱ्या चढतंय ते वहीत लिहीत होती. ती वही अजून आहे. पुराच्या नोंदीच्या मागच्या पानावर इतिहासाचा गृहपाठ आहे.

पुण्यात याच्या उलट. पुणेकराला नदीविषयी मत असतं. हातात आकडा नसला की मत फार भक्कम होतं, आणि आमच्या कट्ट्यावरची मतं तर धरणाच्या भिंतीसारखी आहेत. अशा गावात ही मुलगी आली आणि प्रत्येक मतावर एकच प्रश्न विचारायला लागली, "मोजलंय का?"

आता तपकिरीचं. या शास्त्राचं आद्य दैवत म्हणजे बीओडी. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, त्याचा हा हिशेब. घाण थेट मोजणं अवघड, म्हणून घाण खाणाऱ्याची भूक मोजायची. त्यासाठी ३०० मिलिलिटरची, घट्ट बुचाची काचेची बाटली असते. भरताना आत एकही बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर बाहेरचा प्राणवायू पाण्यात मिसळतो आणि नदीला फुकटचं पुण्य लागतं. मग काठावर उकिडवं बसून, नाकानं श्वास न घेता, आधी मँगनस सल्फेट आणि मग अल्कलाइन आयोडाइड घालायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. नसेल तर पांढरा. म्हणजे तपकिरी दिसला की आनंद आणि पांढराशुभ्र दिसला की सुतक. शहरातल्या एका पुलाखालच्या बाटलीतला साका मला तिनं दाखवला. इतका शुभ्र होता की मी "वा!" म्हणालो. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेत त्या वेळी प्राणवायू शून्य होता.

ही रीत १८८८ साली लायोश विंक्लर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं काढली. त्यानंतर जगात विमानं आली, अणुबॉम्ब आला, मोबाइल आला; एसवायच्या पोरांचा विंक्लर काही चुकला नाही. साका ॲसिडमध्ये विरघळवायचा, ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत राहायचं, पिवळं फिकं झालं की स्टार्च घालायचं, मग सगळं निळं होतं, आणि ते निळं ज्या थेंबाला जाईल नेमक्या त्या थेंबाला थांबायचं. एक थेंब जास्त पडला की मेहनत पाण्यात. जर्नलमध्ये मात्र तीनही रीडिंग दशांशापर्यंत सारखी येतात. हा चमत्कार विंक्लरलाही साधला नसेल, पण सबमिशनच्या आदल्या रात्री वर्गातल्या सर्वांना साधतो.

पहिली बाटली लगेच मोजायची. तिची जुळी बहीण अंधारात, ठरलेल्या तापमानाला पाच दिवस ठेवायची आणि मग मोजायची. पाचच दिवस का? तर सांडपाण्यासाठी नेमलेल्या ब्रिटिश रॉयल कमिशननं १९१२ च्या अहवालात ही चाचणी पक्की केली, आणि पाठ्यपुस्तकं सांगतात की ब्रिटनमधली नदी उगमापासून समुद्रापर्यंत जायला पाच दिवसांहून जास्त घेत नाही, म्हणून पाच. म्हणजे पाच दिवस नदीनं सोसायचं, सहाव्या दिवशी घाण समुद्राच्या नावावर. साहेबाचा व्यवहार चोख.

आता आमची मुठा बघा. ती संगम पुलाशी मुळेला भेटते. मग दोघी मिळून भीमेला. भीमा उजनीत मुक्काम करते, पंढरपुरात चंद्रभागा होऊन वळते, कर्नाटकात जाऊन रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते, आणि मग आंध्रातून बंगालच्या उपसागराला. हे सगळं पाच दिवसांत? पुण्याहून निघालेल्या पालखीला नुसतं पंढरपूर गाठायला त्याच्या तिप्पट दिवस लागतात. भाचीला यात आणखी एक गंमत सापडली. तिची सांगलीची कृष्णा आणि आमची मुठा शेवटी एकाच पाण्यात जातात. "पण सांगलीच्या पुष्कळ खाली, म्हणून आम्ही वाचलो," असंही तिनं नोंदवून ठेवलं.

भारतीय मानकानं यात नंतर दुरुस्ती केली. आपल्याकडे ऊन जास्त, जिवाणू तरतरीत, तेव्हा २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवलं तरी चालतं. शास्त्रीय कारण हे. मला मात्र त्यात आपल्या कामकाजाची सखोल जाण दिसते. शुक्रवारी ठेवायचं, सोमवारी काढायचं. शनिवार-रविवार जिवाणूंनी काम करावं, स्टाफनं घरी असावं.

आषाढीला माझा कडक उपास असतो. खिचडी वाढता वाढता भाची म्हणाली, "मामा, नदीत आंघोळ करायची तर बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, आणि विरघळलेला प्राणवायू निदान ५. वारकरी जिथं बुडी मारतो ना, त्या नदीच्या वरच्या अंगाला तू राहतोस."

"मध्ये उजनी आहे," मी म्हटलं. एवढा भूगोल मलाही येतो.

"म्हणजे तुझं पाप उजनीत बसतं आणि पुण्य तेवढं पंढरपूरला जातं. सोयीचं आहे."

त्या खिचडीत दाण्याचं कूट कमी होतं, हे सांगायचं राहूनच गेलं.

आंघोळीच्या मानकात आणखी एक अट कॉलिफॉर्म जिवाणूंची, १०० मिलिलिटरला ५०० किंवा त्याहून कमी. ते एकेक करून मोजत नाहीत. नळ्यांची रांग लावायची, किती नळ्यांत वायू धरला ते बघायचं आणि कोष्टक उघडून 'बहुधा इतके असावेत' असा आकडा काढायचा. शास्त्रात 'बहुधा' चालतं हे ऐकून आमच्या हिला या विषयाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

फ्रिजचं प्रकरण इथंच सांगून टाकतो. काही नमुने लॅबमध्ये जाईपर्यंत ४ अंशाच्या आसपास थंड ठेवावे लागतात. रविवारी लॅब बंद. फ्रिज आमचा. त्यामुळे दाराच्या कप्प्यात ताकाशेजारी अशा बाटल्या दिसायच्या, ज्यांवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असायचं, 'मुठा, उजवा काठ, स. ७.१०, रंग: करडा, वास: आहे.' यातला 'आहे' मला फार आवडायचा. पुढे घरातल्या कुणीही लेबल नसलेल्या बाटलीला हात लावीना. उन्हाळाभर कोकम सरबत तसंच पडून राहिलं. शेवटी आमच्या हिनंही हत्यार उपसलं. बाटलीवर चिठ्ठी आली: 'कोकम, घरचं, स. ९.००, रंग: लाल, वास: कोकमाचा, साखर: बहुधा पुरेशी.'

या विषयातली निम्मी मापं कुठून कुठून उसनी आणलेली आहेत, हेही मला तिच्यामुळेच कळलं. पाणी किती पारदर्शक आहे ते पाहायला एक पांढरी-काळी चकती दोरीनं खाली सोडतात. दिसेनाशी झाली की खोली मोजायची. ती सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याची. १८६५ साली त्यानं पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात चकत्या सोडून पाहिल्या होत्या. भाचीच्या वर्गानं ती पाषाण तलावावर नेली. तिथं जलपर्णी होती, मूळची दक्षिण अमेरिकेची. चकती जलपर्णीवर ऐटीत बसली आणि काही केल्या बुडेना. पारदर्शकता किती लिहायची, यावर काठावर चर्चासत्र झालं. जैवविविधता मोजायचा शॅनन निर्देशांक तर मुळात दळणवळणाच्या गणितातला. १९४८ साली अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मला. वेताळ टेकडीवर मीटरभर लांब-रुंद चौकट टाकून, ओणवं होऊन, गवताच्या जाती मोजणाऱ्या मुलांना हे सांगू नये. आधीच फिरायला आलेली मंडळी त्यांना "काय हरवलंय?" म्हणून विचारत असतात.

या गवताच्या नादानं तिनं सोसायटीत मोठंच वादळ उठवलं. ५ जूनला आमच्याकडे वृक्षारोपण असतं. ५ जून का, तर १९७२ साली स्टॉकहोमची परिषद त्या दिवशी सुरू झाली. स्वीडनमध्ये तेव्हा हवा छान असते. पुण्यात ५ जूनला पावसाचा पत्ता नसतो, जमीन पहारीला दाद देत नाही आणि रोप भर उन्हात भाषण ऐकत उभं असतं. क. मा. मुन्शींनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला तो जुलैत, पाऊस पाहून. पण जुलैत प्रमुख पाहुणे रेनकोटमध्ये येतात आणि फोटो चांगला येत नाही. भाचीनं चेअरमन काकांना विचारलं, "मागच्या वर्षीची किती जगली?" असा प्रश्न आमच्या सोसायटीच्या इतिहासात कुणी विचारला नव्हता. मग ती स्वतःच टेप आणि वही घेऊन आवारभर फिरली. निष्कर्ष सूचनाफलकावर लागला: रोपं तुरळक जगली होती, सौजन्याच्या पाट्या मात्र शंभर टक्के जगल्या होत्या.

इथवर लोकांनी सोसलं. पण यंदा रोपं टेकडीवर नेऊन लावू, असं ठरल्यावर ती म्हणाली, "टेकडीवर झाडं नका लावू." पर्यावरणवालीच्या तोंडून हे ऐकून सभेत शांतता पसरली. तिचं म्हणणं एवढंच की उघडी टेकडी ओसाड नसते. तिथलं गवत, त्यातले किडे, गवतात घरटी करणारे पक्षी, हे सगळं त्या जागेचंच आहे, आणि आपण तिथं नेऊन लावतो काय, तर मध्य अमेरिकेतलं ग्लिरिसिडिया, कारण ढोरं-बकऱ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि ते जगतं. एका आजोबांनी उठून शांतपणे विचारलं, "बाळ, तू नक्की कुठल्या बाजूची?"

मतांच्या बाजारात माप घेऊन जाणारा माणूस कुणाच्याच कामाचा नसतो, याचा पुढचा धडा गणपतीत मिळाला. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावरचा आवाज मोजायची सीओईपीच्या मुलांची जुनी परंपरा आहे. भाचीच्या गटाकडे आमचा भाग आला. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री ४५ डेसिबल. आमच्या भागात रात्री नुसता कुकर लावला तरी नियमभंग होतो. ती यंत्र घेऊन मंडळासमोर उभी राहिली. कार्यकर्ता सज्जन होता. "किती दाखवतंय, ताई?"

"शंभर."

"म्हणजे आता दुसरं पथक आलं की दोनशे?"

शिक्षणाची संधी साधून तिनं त्याला समजावलं की डेसिबल असे सरळ मिळवता येत नाहीत. ते लॉगॅरिथमचं माप आहे. शंभराच्या शेजारी तेवढंच दुसरं पथक वाजलं, तर मिळून १०३ भरतात. कार्यकर्ता विचारात पडला.

"फक्त तीन?"

"हो, पण कानावर..."

"आणि तिसरं पथक लावलं तर?"

"आणखी पावणेदोन."

"अरे, ऐकलं का," त्यानं मागे वळून हाक दिली, "ताई म्हणतात तिसऱ्यालाही बोलवा. काही फरक पडत नाही!"

सहलींचंही ऐका. प्राणिशास्त्रवाले कोकणात जातात, वनस्पतिशास्त्रवाले महाबळेश्वरला, भूशास्त्रवाले लोणारला. पर्यावरणवाल्यांची सहल मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर. आमच्या हिनं पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. संध्याकाळी कौटुंबिक ग्रुपवर फोटो आले. एकीकडे चुलतबहीण दिवेआगरच्या किनाऱ्यावर, दुसरीकडे आमची पोरं फेसाळत्या टाकीच्या कठड्याला टेकून, दोन बोटं वर करून हसताहेत. यातलं शास्त्र मात्र मला फार भावलं. मैलापाण्यात हवा सोडत राहायचं. त्यात वाढलेले जिवाणू घाण खातात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. त्यातला काही गाळ परत नव्या मैलापाण्यात सोडायचा, म्हणजे तेच अनुभवी जिवाणू पुन्हा कामाला. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ही पद्धत मांडली आणि शंभर वर्षं उलटली तरी शहरं तिच्यावर चालतात. गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात व्होर्टिसेला नावाचा, देठावरच्या घंटेसारखा जीव दिसतो. तो दिसला की टाकीची तब्येत चांगली. त्या रात्री ती जेवताना व्होर्टिसेलाबद्दल इतक्या मायेनं बोलत होती की आमच्या हिनं आमटीवर झाकण ठेवलं.

"आणि मामा, तिथं सकाळी प्रवाह एकदम वाढतो. सगळं शहर एकदम उठतं ना. रविवारी तीच लाट उशिरा येते."

पुणेकर रविवारी आळशीपणा करतात, याला आकड्याचा पुरावा मिळाल्याचं मला खरं तर समाधानच वाटलं.

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्यालाही पर्यावरण हा विषय आहे, कारण तो सगळ्यांनाच आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली हा विषय शिकवा म्हणून बजावलं, आणि पुढे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला तो आला. त्यासाठी यूजीसीनं देशभर नेलेलं पाठ्यपुस्तक आमच्या पुण्याच्याच डॉ. एरच भरुचा यांचं, जे पेशानं सर्जन. पुस्तक चांगलं आहे. मुलानं ते परीक्षेच्या आदल्या रात्री पहिल्यांदा उघडलं. 'कागदाची बचत' या विषयावर त्याचा प्रकल्प होता; एका बाजूला छापलेला, स्पायरल बाइंडिंग केलेला, तीन प्रतींत. त्याला या पेपरात भाचीपेक्षा जास्त मार्क पडले. तिनं उत्तरात आकडे घातले होते, त्यानं भावना.

एवढं सगळं झालं तरी नातेवाइकांच्या मनातला मूळ प्रश्न जागच्या जागी होता. दिवाळीत चुलत्यांनी तो विचारलाच. "बेटा, याला पुढे स्कोप काय?"

"तीन आहेत, काका."

काका खूश झाले. तिनं समजावलं. कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यातून, गाड्यांतून जाणारा कार्बन हा पहिला. विकत घेतलेल्या विजेपायी दुसरीकडे कुठं तरी जळणारा कोळसा हा दुसरा. आणि माल पुरवणारे, वाहून नेणारे, वापरणारे, फेकणारे, या सगळ्यांचा मिळून तिसरा. सेबीनं शेअर बाजारातल्या वरच्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. तो भरायला माणसं लागतात. शिवाय प्रदूषण मंडळाची परीक्षा आहे, सल्लागार कंपन्या आहेत, कारखान्यात सुरक्षा आणि पर्यावरणाचं खातं असतं.

"म्हणजे नोकरी लागते," काकांनी सारांश काढला. "मग त्यात मी कुठं बसतो?"

"तुम्ही तिसऱ्यात. तुमचं मोजणं सगळ्यात अवघड."

काका अजून नातेवाइकांना अभिमानानं सांगतात, आपण तिसऱ्या स्कोपमध्ये आहोत.

आता घरातल्या प्रकल्पाविषयी. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला आणि झोपायच्या खोलीत एसी घ्यायचं मी जाहीर केलं. भाचीच्या वर्गात तेव्हा २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना चालू होती. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर नोटीस लागली. जनसुनावणी. सूचना तीस दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे मे महिन्याच्या मध्यावर. तोपर्यंत प्रकल्पकर्त्यानं, म्हणजे मी, घामाघूम होत प्रकल्पाचा गोषवारा मराठीत उपलब्ध करून द्यायचा होता. मी अर्धं पान लिहिलं: 'फार उकडतं.'

सुनावणी दिवाणखान्यात झाली. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा प्रतिनिधी लागतो. ती जागा आमच्या हिनं निवडणुकीशिवाय घेतली. गणपूर्तीची अट अधिसूचनेतच नाही, त्यामुळे मुलगा मध्येच उठून गेला तरी कामकाज थांबलं नाही. शेजारच्या जोशीकाकांनी बाधित म्हणून हरकत घेतली: यंत्राचा बाहेरचा भाग त्यांच्या खिडकीकडे गरम वारा सोडणार. कामाच्या मावशींनी विचारलं, दारं-खिडक्या बंद राहिल्या तर फरशी वाळायची कशी आणि त्यांनी थांबायचं किती वेळ. खिडकीच्या कठड्यावर अंडी घातलेल्या कबुतराच्या वतीनं भाची स्वतः बोलली. मी उत्तरादाखल स्थानिकांना रोजगाराचं आश्वासन दिलं, सगळेच देतात. प्रत्येकाच्या बोलण्यानंतर ती म्हणायची, "नोंद घेण्यात आली," आणि लिहून घ्यायची. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवण्यात आलं. ते ऐकताना जोशीकाका भारावले. आपलं म्हणणं इतक्या शुद्ध भाषेत त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"मग ठरलं काय?" त्यांनी विचारलं.

"इथं ठरवायचं नसतं, काका. इथं फक्त म्हणणं मांडायचं."

"आणि ठरवतं कोण?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष चहा टाकायला आत गेल्या होत्या. एसीची ऑर्डर त्यांनी आदल्या दिवशीच देऊन ठेवली होती, हे बिलावरच्या तारखेवरून मला मागाहून कळलं.

मंजुरी अटींसह मिळाली. तापमान २४ च्या खाली नेऊ नये. सरकारनंही २०२० पासून नव्या एसीला सुरुवातीचं तापमान तेवढंच ठरवून दिलंय. आधी पंखा, मग एसी. यंत्रातून ठिबकणारं पाणी कढीपत्त्याला. विजेच्या दर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरून महिन्याचा हिशेब फ्रिजवर लावावा. आणि अधिसूचनेप्रमाणे दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा. पहिल्या जूनला प्रकल्प नवा म्हणून मला सवलत मिळाली.

१ डिसेंबरचा अहवाल मी वेळेत सादर केला. गेल्या महिन्यात एसी एकदाही लावला नाही, उत्सर्जन शून्य, सर्व अटींचं तंतोतंत पालन, सोबत वीजबिलाची प्रत. भाचीनं तो दोनदा वाचला, लाल पेननं शेरा मारला आणि कोकमाच्या चिठ्ठीशेजारी फ्रिजवर चिकटवला: 'हिवाळ्यातला नमुना ग्राह्य नाही. मे महिन्यात, रात्री, पूर्वसूचना न देता पुन्हा घेण्यात येईल.'